खडूच्या रेघेबाहेर

आमचे हे काय करतात, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, "उभे राहतात."

समोरचा हसायचा. त्याला वाटायचं, नवरा बिनकामाचा दिसतोय, म्हणून बाई अशी बोलते. मग मला सगळं बैजवार सांगावं लागे. चित्रकलेच्या शाळेत मुलांना माणूस काढायला शिकवतात, त्यासाठी समोर एक जिवंत माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे आमचे हे. लाकडी चौथऱ्यावर चढायचं, मास्तर सांगतील तसं उभं राहायचं आणि हलायचं नाही. एवढंच काम, आणि त्याचा पगार. हे ऐकून बहुतेक जण म्हणत, "अरे वा, मजा आहे की!" मला त्यात मजा दिसत नसे. कारण दिवसभर मीही उभीच असे, लॉन्ड्रीत, इस्त्रीच्या टेबलापाशी. हातात तापलेली इस्त्री, शेजारी कपड्यांचा ढीग, आणि ढीग संपत आला की वरून दुसरा येऊन पडायचा. माझं चित्र मात्र कोणी काढलं नाही.

हे मुळात हमाल. प्लास्टरच्या पुतळ्यांची खोकी घेऊन त्या शाळेत गेले होते. त्या दिवशी नेहमीचा माणूस आला नव्हता आणि मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. त्यांनी यांना विचारलं, "जरा वेळ उभे राहाल का?" हे राहिले. मास्तर चित्रात असे रंगले की 'पुरे' म्हणायचं विसरून गेले. मुलं जेवायला गेली, जेवून आली, आणि हे तसेच. दुसऱ्या दिवसापासून हमाली सुटली. शाळेतल्या मुलांनी यांचं नाव ठेवलं खांब. पुढे केस पिकले तसे खांबकाका झाले.

आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे थोडे थोडे हललेले आहेत. मी तर ओळखूही येत नाही. हे तेवढे स्पष्ट आले आहेत, कोटाच्या गुंड्यांसकट.

शाळेच्या व्हरांड्यात यांची चित्रं टांगलेली आहेत. एकात हे राजे आहेत, एकात भिकारी, एकात वल्हं घेतलेले नावाडी, एकात लढाईवरून परतलेले शिपाई. घरी यांनी कधी साधा झाडूही हातात घेतला नाही, पण चित्रात नांगर धरलेला आहे. मी एकदा म्हटलं, "अहो, चित्रातला हा माणूस दोन दिवस घरी पाठवा." हे हसले. हसतानाही फार हलत नाहीत.

आता खडूचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आलं.

उभं राहायची तऱ्हा एकदा ठरली की वर्गातली एखादी मुलगी खाली बसते आणि यांच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढते. मधे मास्तर "विश्रांती!" अशी खणखणीत हाक देतात. हे खाली उतरतात, स्टुलावर बसतात, पोटऱ्या चोळतात. परत चढलं की पावलं त्या रेघेच्या आत अचूक ठेवायची, म्हणजे चित्र बिघडत नाही. आमच्या लॉन्ड्रीत अशी हाक द्यायची पद्धत नाही.

यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व. उभं असताना यांच्या पायाने खडूची रेघ कधी पुसली गेली नाही. नाकावर गांधीलमाशी बसली, तरी नाही. पोटरीत गोळा आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी नाही. एकदा चौथऱ्याची फळीच मोडली आणि हे फळीसकट खाली गेले. गुडघा सुजला. पण घरी येऊन मला सांगतात काय, तर "पाय रेघेतच होते." मी शेक द्यायला पाणी तापवत होते. म्हटलं, धन्य आहे तुमची.

त्या सकाळी मी डबा भरत होते. आतून यांची हाक आली, आणि अशी हाक मी आजवर ऐकली नव्हती. धावत गेले, तर हे पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून पडलेले, डोळे मिटलेले.

"खोली फिरतेय," हे म्हणाले. "खोली धर."

खोली कशी धरायची असते? मी यांनाच धरलं. डोळे उघडले की उलटी, मान वळवली की उलटी. बादली आणली, शेजाऱ्याची गाडी बोलावली, दोघांनी उचलून नेलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, एका बाजूच्या आतल्या कानाची नस सुजली आहे, जंतुसंसर्गाने. जिवाला धोका नाही. चक्कर ओसरेल, पण तोल यायला वेळ लागेल.

चक्कर ओसरली खरी. हे उठून बसले, मग भिंत धरून उभे राहिले, आणि एका सकाळी भिंत सोडून स्वयंपाकघरात चहा मागायला आले. मी पाठमोरी होते. धाडकन आवाज झाला. वळून बघते तो हे जमिनीवर उताणे नव्हे, पालथे, आणि भुवईतून रक्त. टाके पडले. नंतर न्हाणीच्या दाराशी पुन्हा तेच. तेव्हा मी समोरच होते, म्हणून मला नीट दिसलं. माणूस पडताना धडपडतो, हात मारतो, दोन पावलं इकडेतिकडे जातो. यांचं तसं काही नाही. भिंतीला टेकवलेली शिडी सरकावी तसे सरळच्या सरळ गेले. मनगट मुरगळलं. मला वाटलं, आजारच असा असेल.

मग माझ्या वन्सं आल्या. यांच्या थोरल्या बहीण. भावावर जीव फार, आणि मत त्याहून फार. येताक्षणी त्यांनी हुकूम सोडला, "त्याला अजिबात हलवायचं नाही." खिडकीपाशी खुर्ची मांडली, चारी बाजूंनी उशा लावल्या आणि यांना आत बसवलं. घरात आम्ही चवड्यांवर चालू लागलो. भांडं पडलं तरी वन्सं माझ्याकडे बघायच्या. आणि हेही खुशीत! न हलता बसणं हा तर यांचा पोटापाण्याचा धंदा. दिवस गेले, पण तोल काही येईना.

कुठे बाहेर न्यायचं झालं, की यांचं एक बोट माझ्या खांद्यावर. भार म्हणाल तर टाकत नसत, नुसतं टेकवायचे. त्या एका बोटाने हे सरळ चालायचे, काढलं की डुलायचे. लोक म्हणत, बोटाचं काय ओझं? त्यांनी घेऊन बघावं. मला चालता चालता थांबता येईना, वाकून चप्पल नीट करता येईना, शिंक आली तरी आधी सांगावं लागे. दिवसभर इस्त्री, सकाळ-संध्याकाळ बोट. मी थकले होते. उगाच कशाला लपवू? कधी कधी वाटायचं, ते बोट झटकावं आणि एकटीनेच सरळ चालत सुटावं.

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्याच्या तळमजल्यावर फिजिओबाईंकडे पाठवलं. वयाने मुलगीच, पण आवाजात जरब होती. तिच्याकडे जमिनीवर एक पाटासारखी चपटी वस्तू होती आणि तिला जोडलेला पडदा.

"काका, यावर उभे राहा. जितकं स्थिर राहता येईल तितकं."

"ते मला सांगायला नको," हे म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी छाती काढून उभे राहिले.

पडद्यावर एक ठिपका होता. तो भटकायला लागला आणि मागे रेघ सोडत गेला. पुढे, मागे, आडवा, पुन्हा पुढे. थोड्या वेळात पडद्यावर नुसता गिचमिडकाला झाला, लहान मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी तसा.

"तुमचं यंत्र बिघडलंय," हे म्हणाले. "मी हललो नाही."

"हललात, काका. सगळेच हलतात." ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही या बघू."

मी पिशवी खाली ठेवून उभी राहिले. माझाही ठिपका भटकला, फक्त कमी. मी तर श्वाससुद्धा रोखला होता.

मग तिने सांगितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, उभा माणूस सारखा थोडा थोडा पडत असतो आणि मेंदू त्याला सारखा सावरत असतो. पुढे कललो की पोटऱ्या आवळतात, मागे कललो की नडगीजवळचे स्नायू. आपल्याला पत्ताही लागत नाही. मेंदूला त्यासाठी तीन ठिकाणांहून खबर येते: डोळ्यांकडून, आतल्या कानांकडून, आणि तळव्यांकडून नि सांध्यांकडून. तिघांचं ऐकून तो ठरवतो, माणूस कुठे कलला आणि कुठून ओढायचा. यांचा एक कान अर्धामुर्धा गप्प झाला होता आणि दुसरा बोलतच होता, म्हणून मेंदूचा गोंधळ. पण तो शिकतो. गप्प झालेल्याचं सोडून उरलेल्यांवर जास्त विसंबायला लागतो. मात्र माणूस खुर्चीत उशा लावून बसला, तर मेंदू शिकणार कशावरून?

मला हे लगेच पटलं, कारण हे आमचंच घर होतं. वन्सं एक सांगणार, हे दुसरं, आणि लेक परगावाहून फोनवर तिसरंच. निवाडा मी करायचा, आणि तो करताना दूध उतू जाऊ द्यायचं नाही.

पण त्याहून मला लागलं ते दुसरंच. संध्याकाळी माझे पाय भरून येतात, घोटे सुजतात, तेव्हा लोक म्हणतात, "नुसती उभी तर असतेस!" नुसती! आत कोणीतरी सकाळपासून मला पडू न देण्याचं काम करत होतं आणि त्याचा मलाच पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फिजिओबाईला वाटलं, मी यांच्यासाठी रडते आहे. वाटू दे.

मग तिने यांच्या कमरेला जाड पट्टा बांधला, समोर उभी राहून यांच्या खांद्यांना तळहात लावले आणि म्हणाली, "माझ्यावर रेला. मी अचानक हात काढीन. पडायचं नाही."

हे रेलले. तिने हात काढले. हे सरळ शिडीसारखे गेले. तिने पट्टा धरून ओढलं म्हणून वाचले. पुन्हा तेच. मागून, बाजूने, तरी तेच. तिच्या कपाळावर आठी आली.

"काका, पाऊल का टाकत नाही?"

"कुठे?"

"कुठेही! तोल गेला की माणूस पाऊल टाकतोच. चालायला शिकणारं पोरसुद्धा टाकतं. आधी घोटे सावरतात, त्यांना जमलं नाही तर कंबर, आणि तेही जमलं नाही तर पाऊल. शेवटचा उपाय असतो तो."

"पाय हलवायचे नसतात," हे म्हणाले. आग पाण्याने विझते म्हणावं, इतक्या सहज म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला एकदम फळी मोडली तो दिवस आठवला, आणि सुजलेला गुडघा. मी तिला खडूची रेघ सांगितली. पहिल्यापासून सगळं. ती पट्टा हातात धरून ऐकत राहिली.

जाताना तिने मला बाजूला घेतलं. "कानाचं होईल बरं. मला भीती त्याची नाही. पण हे असेच पडत राहिले, तर पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही. खुब्याचं हाड जाईल. या वयात खुबा मोडला की माणूस पुन्हा नीट उभा राहील याची खात्री नाही. पाऊल टाकायला शिकवा त्यांना, काकू. घरी गादी घाला आणि ढकला."

नवऱ्याला ढकलायची हौस कोणत्या बायकोला नसते? पण दिवसभराच्या इस्त्रीनंतर तीसुद्धा उरत नाही.

तरी ढकललं. रोज संध्याकाळी गादी घालायची, पदर खोचायचा आणि यांना कधी पुढून, कधी मागून ढकलायचं. पहिल्याच दिवशी वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, आजारी माणूस आहे तो! काय मांडलंय हे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, वन्सं."

"नवऱ्याला ढकलायला? मला नाही कुठल्या डॉक्टरने सांगितलं कधी. सांगितलं असतं तर..." आणि त्या मधेच थांबल्या. त्यांचे यजमान हयात असताना फार तापट होते. मग त्यांनी गादीचं दुसरं टोक सरळ केलं. त्या दिवसापासून मागून धरायला त्या असायच्या.

बाकीचे व्यायाम यांनी मनापासून केले. मान हलवत चालणं, डोळे मिटून उभं राहणं, चक्कर आली तरी थांबायचं नाही. हळूहळू हे भिंत सोडून फिरायला लागले. घरात माझा खांदाही लागेना. पण ढकललं की शिडी! पाऊल काही सुटत नव्हतं. "जित्याची खोड," वन्सं पुटपुटायच्या. पुढचं म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे.

अशात मास्तर भेटायला आले. म्हातारे झाले आहेत तेही. चहा घेता घेता म्हणाले, वर्षअखेरीची परीक्षा आली आहे, मुलांना खांबकाकाच हवेत, तोवर मी जागा अडवून धरली आहे. त्यापुढे माझ्या हातात नाही. हे ताठ बसले आणि म्हणाले, "येतो, सर." मी मास्तरांच्या कपाखालची बशी उचलली ती जरा जोरातच.

परीक्षा जवळ आली तशी एका संध्याकाळी मी लॉन्ड्रीतून लवकर सुटले. घरी येऊन गादी घालायला सतरंजी ओढली, तर खाली फरशीवर खडूची रेघ. दोन पावलांची. नीट, स्वच्छ, कुठे पुसलेली नाही.

म्हणजे सकाळी मी बाहेर पडले, वन्सं देवळात गेल्या, की हे सतरंजी सारत होते आणि त्या रेघेत पाय ठेवून न हलण्याचा सराव करत होते. संध्याकाळी मी घाम गाळून जे शिकवायचे, ते दिवसा पद्धतशीर पुसलं जात होतं.

मी ओरडले. चाळीस घरांना ऐकू जाईल अशी ओरडले. "मी इथे हाडांची काडं करतेय, आणि तुम्ही? या रेघेपायी जीव देणार आहात का? खुबा मोडून पडलात तर कोण करणार तुमचं? मी? याच पायांनी?"

हे खुर्चीत बसले होते. नजर त्या रेघेवर होती. मग म्हणाले, "मला लिहिता येत नाही, धड वाचता येत नाही. हमाली सुटली, आता ओझंही उचलवत नाही. एवढं एकच येतं मला. पाय हलला, तर मग मी कोण?"

यावर मला राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसती दमले. फडकं ओलं केलं, गुडघ्यांवर बसले आणि ती रेघ पुसून काढली. हे बघत राहिले. त्या संध्याकाळी मी ढकललं नाही. वन्संनी वाढून दिलं आणि दिवा मालवला.

परीक्षेच्या दिवशी मी मालकाकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्याने तोंड वाकडं केलं, मी बघितलं न बघितलंसं केलं. माझ्या खांद्यावर बोट ठेवून हे शाळेत आले आणि वर्गाच्या दारात त्यांनी ते काढलं. मी दारातच उभी राहिले. मास्तरांनी विचारलं, मागे खुर्ची ठेवू का? हे म्हणाले, "चित्रात येईल." फिजिओबाईने घरी दिलेला पट्टा मी पिशवीत आणला होता. तो पिशवीतच राहिला.

पोझ साधी होती. दोन्ही पायांवर सारखा भार, हात मागे, नजर समोर. एका मुलीने खाली बसून रेघ ओढली. वर्ग गप्प झाला आणि कागदावर कोळशाची खरखर सुरू झाली.

मी यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, घोट्यांकडे बघत होते. इतकी वर्षं मी समजत होते की हे काहीच करत नाहीत. आता मला दिसत होतं. नडगीजवळची शीर उठायची, बसायची. टाचेमागची दोरी ताणायची, सैल व्हायची. अंगठे जमीन चाचपायचे. काय काम चाललं होतं तिथे! आणि वर चेहरा असा, जणू माणूस समोरून बस यायची वाट बघतोय. पहिली विश्रांती झाली. हे उतरले, बसले, चढले, पावलं रेघेत. मला जरा हायसं वाटलं. नको होतं वाटायला.

कसल्यातरी कामासाठी दोन विद्यार्थी भलामोठा रंगवलेला पडदा उभा धरून मागच्या दाराने आत आले. मुलांच्या मागून, यांच्या अगदी समोरून, तो पडदा भिंतभर सरकू लागला. यांच्या नजरेपुढची सगळी भिंतच चालायला लागली. डोळ्यांनी मेंदूला सांगितलं असणार, तू पडतोयस. आणि मेंदूने यांना दुसऱ्या बाजूला ओढलं. मी बघितलं, घोटे झटकले, कंबर वाकली, आणि मग ते सगळं थांबलं. हे ताठ झाले. आणि शिडीसारखे कलायला लागले.

मला पुढे धावता येईना. मधे सगळा वर्ग होता. माझ्या डोळ्यांपुढे खुब्याचं हाड आलं, पलंग आला, आणि पुढची सगळी वर्षं आली.

तेवढ्यात फळीवर फाट्‌कन आवाज झाला.

यांचा उजवा पाय पुढे पडला होता. रेघेच्या चांगला वीतभर बाहेर. हे त्यावर डुलले, सावरले आणि उभे राहिले.

"गेली पोझ!" कोणीतरी कुरकुरलं. हे खाली बघत होते. तो पाय दुसऱ्या कोणाचा असावा, असे बघत होते. मग हळूच म्हणाले, "माफ करा, सर. पाय हलला."

"हलला!" मी दारातून ओरडले. "अहो, हलला! पाय हलला!" सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मी हसत होते की रडत होते कोण जाणे, पण जे काय करत होते ते मोठ्याने करत होते. मास्तरांना काही कळेना. त्यांनी आपलं सवयीने सांगून टाकलं, "विश्रांती!"

नंतर ती मुलगी खडू घेऊन पुढे झाली. पुढची रेघ पायाने फराटली होती. ती म्हणाली, "काका, पाय आत घ्या, मी नीट करून देते."

यांनी पाय आत घेतला. "राहू दे गं," हे म्हणाले. "पुन्हा पुसली जाईल."

परीक्षा कशीबशी पार पडली. संपल्यावर मास्तर यांच्याजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, पुढच्या वर्षी बसलेल्या पोझ देऊ या, मुलांना त्याही यायला हव्यात. हे "बरं" म्हणाले. त्या 'बरं'चं काय वजन होतं ते मला माहीत आहे. मी पिशवी उचलली.

परत येताना बोट पुन्हा माझ्या खांद्यावर आलं. दुपारचं ऊन, रस्ता चढाचा, आणि माझ्या पोटऱ्यांना गोळे. एका बंद दुकानापाशी माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा हळू. दमले हो मी."

हे काही मी पहिल्यांदा म्हणत नव्हते. उभ्या जन्मात हजारदा म्हटलं असेन, इस्त्री करता करता, भाकरी थापता थापता, भिंतीला, भांड्यांना, यांना. पण खांद्यावरचं बोट उचललं गेलं. मला वाटलं, गेले! मी वळले.

हे मागे उभे होते. कशालाही न धरता. माझ्या सुजलेल्या घोट्यांकडे बघत होते, सकाळी वर्गात मी यांच्या घोट्यांकडे बघत होते तसे.

मग यांनी मास्तरांसारखा आवाज काढला, चांगला खणखणीत. "विश्रांती!"

रस्त्यावरचे दोघे-तिघे थबकले.

"अहो, काहीतरीच काय!"

"बस," हे म्हणाले. दुकानाच्या पायरीवरची धूळ यांनी हाताने झटकली. त्यासाठी वाकले, डुलले, एक पाऊल टाकलं आणि सरळ झाले. "बस तू."

"आणि तुम्ही?"

"मी आहे उभा."

मी चपला काढल्या आणि बसले. हे माझ्यासमोर, ऊन माझ्यावर येणार नाही असे उभे राहिले. थोडे पुढे जात होते, थोडे मागे येत होते. मी धरायला हात पुढे केला नाही.